पोशीबाईचा अडलेला धवला

बसा मंडळी, मागच्यांनाही जरा सरकून जागा द्या! आज एकच प्रश्न विचारतो. एखादी गोष्ट मारून टाकून तिचं रक्षण करता येतं का? नाही म्हणता? घाई करू नका! शेजारच्या कमळगावानं करून दाखवलं होतं — जवळजवळ!

कमळगाव आता गाव नाही हं, शहर झालंय. टॉवरांची नावं काय? लेक व्ह्यू, लेक पॅराडाइज! आणि लेक? उरलं एवढंसं तळं. काठावर गावदेवी, बाजूला उंबर, आणि तळ्यात होडी घालून शिंगाडे काढणारी एक आगरी म्हातारी — पोशीबाई भोईर. गावातली शेवटची धवलारीण! लग्नात धवले गाणारी हो. भटजींच्या मंत्रांइतकाच तिच्या गाण्याला मान!

तर महापालिकेनं समिती नेमली. एका श्वासात सांगतो — 'नैसर्गिक व सांस्कृतिक संपदा संरक्षण व संवर्धन समिती'! हुश्श! अध्यक्ष मोरेश्वर चेंदवणकर. माणूस वाईट नव्हे, फक्त गाडीची काच खाली करायची सवय नव्हती!

समितीला बसायला जागा हवी. साहेब म्हणाले, "निसर्गाच्या सान्निध्यात बसू." कुठं? तळ्याच्या काठावर! पाणी आणणारा ओहोळ बुजवायचा, उंबर तोडायचा, आणि तिथं बांधायचं — संपदा भवन! भिंतीवर उंबराचं रंगीत चित्र. हसताय काय? ठराव एकमतानं मंजूर!

भराव पडला. उंबराच्या दोन फांद्या उतरल्या. पत्रे ठोकले. पोशीबाई गेली, तर रखवालदार म्हणतो, "आजी, आत बंदी आहे. संरक्षण चालू आहे!"

म्हातारी घरी आली ती जेवेना. सुनेला म्हणाली, "माज्या आयशीनं त्या तल्याला सांगून माजं लगीन लावलं. आता गावच्या पोरींची लग्नं कोनाला सांगून लावू?"

आणि दुसऱ्याच दिवशी दारात समितीची गाडी! भूमिपूजनाला सांस्कृतिक कार्यक्रम नको का? "आजी, दोन मिनिटांचा धवला हवाय."

पोशीबाईनं पदर खोचला. म्हणाली, "येतंय मी."

भूमिपूजनाच्या सकाळी पत्र्याबाहेरचा मांडव भरला. साहेबांच्या डोक्यावर फेटा. पोशीबाईनं माइक बाजूला सारला आणि आवाज लावला — काय आवाज, मंडळी! पहिल्या धवल्यात तळ्याला आवतण दिलं. आणि थांबली!

"गा ना, आजी," साहेब म्हणाले.

"कशी गाऊ? आवतन दिलं. आता यजमानानं कलशी भरून तल्याचं पानी आनायचं. तेच्याबिगर फुडचा धवला नाय!"

साहेबांनी पुढं केली — पाण्याची बाटली!

"ही कुठल्या तल्याची?" म्हातारीनं विचारलं. मांडव हसला. पण गावच्या बाया हसल्या नाहीत. उठल्या, पत्र्यापुढं जाऊन बसल्या. "पानी आना, साहेब!"

निघाले साहेब कलशी घेऊन. पत्रा खोलावा लागला. आत बूट चिखलात रुतले. ओहोळाच्या तोंडावर मातीचा ढीग, शिंगाड्याचे वेल वाळून पडलेले. ज्याच्या रक्षणाचे ते अध्यक्ष, त्या तळ्यापाशी माणूस पहिल्यांदाच उभा होता! कलशी बुडेना. ओंजळीनं अर्धी भरली, आणून ठेवली.

पोशीबाईनं त्या गाळात बोटं बुडवली. डोळे भरले तिचे. "यात नवरीची हलद कालवू, साहेब?"

चेंदवणकरांनी भूमिपूजनाची कुदळ उचलली, तडक ओहोळाशी गेले आणि भरावावर पहिला घाव घातला! टाळ्या कडाडल्या — निम्म्यांना वाटलं, हेच भूमिपूजन!

भवन तिथं झालं नाही. समिती आता एका जुन्या खोलीत बसते. पंखा नाही, त्यामुळे भाषणं आटोपशीर! उंबराच्या दोन फांद्या गेल्या त्या गेल्याच. शिंगाडे पुढच्या वर्षी आले, थोडे. पोशीबाईकडं मात्र दहा पोरी धवले शिकताहेत.

बरं वाटलं? चेंदवणकरांना पोटभर हसलात? मग सांगा — आज कीर्तनाला आलात, गाड्या कुठं लावल्यात? देवळामागच्या ओढ्यात! मुरूम टाकून तो सपाट कुणी केला? आपल्याच उत्सव समितीनं! अध्यक्ष, मान खाली घालू नका, मीही तिथंच लावलीय. ही बघा किल्ली. आरती थांबेल घटकाभर — माझी गाडी मी आधी काढतो. फावडी कुणाकुणाच्या घरी आहेत?