खोडलेलं औषध

सन्माननीय अध्यक्ष प्रल्हादपंत, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सर्जन डॉ. नीलकंठ आठल्ये, व्यासपीठावरील पाहुणे आणि काशीतल्या माझ्या मराठी बंधुभगिनींनो,

मी सुमेधा. वीस वर्षं डॉक्टरसाहेबांच्या पेशंटना भूल दिली. त्यांच्या हातांचं कौतुक आत्ता झालंच. टाके सुरेख घालतात, वादच नाही. पेशंट शुद्धीवर आल्यावर काय भोगतो, ते बघायला मात्र ते सहसा थांबत नसत.

मंगला गौरी मोहल्ल्यातले ढुंढिराजशास्त्री समोर बसलेत. त्यांच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या तासभर आधी द्यायचं, दुखणं कमी करणारं औषध मी कागदावर लिहिलं होतं. साहेबांनी ते खोडलं. "दुखायच्या आधीच औषध? अहो सुमेधाताई, दर्द तो होगा ही!" थिएटरात हशा पिकला. ऑपरेशननंतर शास्त्रीबुवांना दुखण्यापायी खोल श्वास घेता येईना, खोकता येईना. कफ साठून न्यूमोनिया झाला. मुलांना वेदाची संथा देणारा माणूस, तीन आठवडे एक ऋचा धड म्हणू शकला नाही. साहेब म्हणाले, "भिक्षुकांना सोसवत नाही."

केवढं थोर निदान, नाही का?

पुढे साहेबांचंच हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. सकाळी मला बाजूला घेऊन हळूच म्हणतात, "ते आधीचं औषध... मला देणार ना?" दिलं. दुसऱ्या दिवशी हे वॉर्डात फिरून पेशंटना सांगतायत, "बघा, मन घट्ट हवं!" औषधाचं नाव नाही. असलं घट्ट मन मी रोज कागदावर लिहून देत होते!

आणि आठवड्याभरात, रामनगरच्या पद्माबाईंच्या कागदावर पुन्हा तीच काट.

मी म्हटलं, "साहेब, मी भूल देणार नाही."

"म्हणजे?"

"औषध परत लिहा. नाहीतर तुम्ही काय घेतलं होतंत, ते बाईंना सांगते."

लिहिलं. मान खाली घालून लिहिलं. दुसऱ्या दिवशी पद्माबाई उठून बसल्या, चहा मागितला. त्यानंतर कुणाचंही औषध खोडलं गेलं नाही.

मंडळाने बोलायला उभं केलं, आभारी आहे. कमीजास्त बोलले असेन तर सभागृहाने पोटात घालावं. साहेबांची माफी मी मागत नाही. शास्त्रीबुवा, तुमची मागते. त्या दिवशी थिएटरात हसणाऱ्यांत मीही होते.