चाक चांगलं आहे

आधी फक्त 'खर्र' आलं हो… एवढंसं! शेजारच्या खोलीत कुणी घसा साफ करावा तसं. मी हातातला चहा तसाच टाकून बाबांकडे धावले, "बाबा, आपली माललिफ्ट आवाज करतेय!" तर बाबा म्हणतात, "तुला कुकरच्या शिट्टीचीही भीती वाटते." आता वाटते! कुकर न सांगता ओरडतो, माणसानं दचकायचंही नाही का? पण आवाज आला होता, मी सांगितलं होतं!

तुम्हाला सांगते, आमचा गिअर बनवायचा कारखाना. गावभरच्या यंत्रांना दात आम्ही पुरवतो, आणि घरच्या लिफ्टला? दातांचा तिरकेपणा चुकला म्हणून गिऱ्हाइकानं परत पाठवलेलं चाक! "फेकायचं कशाला, बसतंय की!" इति बाबा. अहो, दुसऱ्याची कवळीही तोंडात बसते, म्हणून काय अक्रोड फोडायचे?

तर आज सॅम्पलची जड पेटी घेऊन मी त्याच लिफ्टमधून वर निघाले. दोन मजल्यांच्या मधे 'खर्र', मग 'खट्', आणि सगळं गपगार! दिवा तेवढा चालू, म्हणजे समोरची भिंत अगदी स्वच्छ दिसत होती.

काकांना फोन केला. उचलतील कसे? यंत्रापाशी उभे, कानात कापूस. बाबांना केला. वाजतोय… वाजतोय…

करणार काय? पेटी उघडून बसले. हा स्पर गिअर, सरळ दातांचा, आमच्या आत्यासारखा! अख्खा दात एकदम येऊन आदळतो, "लग्नाचं काय?" खाड्! काम चोख, गोंगाट फार. हा हेलिकल. याचे दात तिरके, एका टोकापासून हळूहळू भिडतात, म्हणून शांत. ही आई. "अगं, तशी घाई काहीच नाही…" करत करत शेवटी लग्नावरच येते! आणि हा बेव्हल, शंकूसारखा, फिरणं काटकोनात वळवतो. म्हणजे काका. लिफ्टचं विचारा, हवेचं सांगतील.

आणि माझ्या डोक्यावर, मोटरला जोडलेला, वर्म गिअर. आटे पाडलेला दांडा फिरतो, तो दातांच्या चाकाला फिरवतो, पण चाकानं कितीही जोर लावला तरी दांडा ढिम्म. म्हणून तर मोटर थांबली तरी लिफ्ट घसरत नाही. हे बाबा! घरातली सगळी चाकं तेच फिरवतात, त्यांना कुणी फिरवून दाखवावं! मी याच विषयात पदवी घेतली हो, तरी नाही!

म्हणजे मी सुरक्षित… त्या परत आलेल्या चाकाचे दात शाबूत असतील तर. नसतील तर? चुकीच्या तिरकेपणामुळे ते नुसत्या कडेनं घासतायत, झिजून कागद झाले असतील… एक तुटला की भार शेजारच्यावर, तो तुटला की… खाली फरशी आहे. रंग मीच निवडला होता.

पुन्हा फोन. ठरवलं, आता उचलला तर भांडायचं नाही. नुसतं "बाबा" म्हणायचं. एवढंच. तेवढ्यात वरून परत 'खर्र'… आवाज आला होता, मी सांगितलं होतं!

आणि उचलला!

"बाबा… मी लिफ्टमधे अडकलेय, ते चाक…"

"लिफ्ट खाली घसरली?"

"नाही…"

"जरा तरी?"

"नाही, पण बाबा…"

"बघ! मी म्हणत नव्हतो? चाक चांगलं आहे!"

आता लटकलेल्या माणसानं काय वाद घालायचा, तुम्हीच सांगा! म्हटलं, "हो बाबा. चाक चांगलं आहे. शिडी आणा."