फोटोतली मिशी

तुम्ही हसाल, पण आमच्या ह्यांचं लायसन्स एकदा आमच्या एक वर्षाच्या सुमीच्या मर्जीवर येऊन ठेपलं होतं.

हे संगमेश्वर-रत्नागिरी उतारूंची सर्व्हिस मोटार चालवत. चुलतसासऱ्यांना मूल नव्हतं, म्हणून त्यांचे दिवस ह्यांनी केले, त्यात मिशी गेली. मी तेव्हा माहेरी होते. सुमीला घेऊन ह्यांच्याच मोटारीने परत निघाले, तर हातखंब्याला नव्या फौजदारांनी गाडी अडवली. लायसन्सवरचा फोटो बघितला, मग ह्यांचं तोंड.

"हा मिशीवाला कोण? दुसऱ्याच्या लायसन्सवर गाडी हाकतोस? रद्दच करायला लावतो."

लायसन्स गेलं तर खायचं काय? मी म्हटलं, "साहेब, हेच ते. मी बायको सांगते ना."

"बायको नवऱ्याच्याच बाजूने बोलणार. पोर खोटं बोलत नाही. द्या तिला त्याच्याकडे."

ह्यांनी हात पुढे केले. बापाचं सफाचट तोंड पाहून सुमीने भोकाड पसरलं. मागच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "पोर पण वळखीत नाय गो."

मला काय सुचलं कोण जाणे. आईने दिलेला नारळ पिशवीत होता. त्याची शेंडी उपटली आणि ह्यांच्या नाकाखाली धरली. सुमी रडायची थांबली, बापाकडे झेपावली आणि नेहमीसारखी मिशी ओढली. मिशी तिच्या मुठीतच आली. तिने मुठीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि ओठ काढला.

फौजदारांनी लायसन्स घाईघाईने ह्यांच्या हातात कोंबलं.

"निघा लवकर. तिने साक्ष फिरवली तर मला पुन्हा चौकशी करावी लागेल."