वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलीविरुद्धच्या स्कूटरच्या तक्रारीबाबत

जबाब. शुक्रवार, सकाळी १० वाजून २० मिनिटे.

मी, परिसरात 'किल्लीवाले' म्हणून ओळखला जाणारा, वय ५८ वर्षे, धंदा कुलूप-किल्ली दुरुस्ती, राहणार बस डेपोच्या मागील तीन मजली इमारत, तळमजला, दुकान त्याच इमारतीला लागून. कोणी बोलावले नसताना आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी आणि माझी पत्नी, वय ५२, असे दोघेच राहतो. आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर एक नर्सताई त्यांच्या मुलीसह राहतात. मुलीला सगळे बारकी म्हणतात. तिचे आजचे वय २२ वर्षे असून ती विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावर कामाला आहे. उंची माझ्यापेक्षा चार बोटे जास्त आहे, पण नाव पडले ते पडले.

तीन वर्षांपूर्वी मी याच पोलीस ठाण्यात बारकीविरुद्ध तक्रार दिली होती. माझी स्कूटर तिने न विचारता, बनावट किल्लीने नेली व तिचे नुकसान केले, अशी ती तक्रार होती. त्या तक्रारीबाबत आज मला पुढीलप्रमाणे सांगायचे आहे.

मला साखरेचा आजार असल्याने मी रोज पहाटे साडेपाचला फिरायला जातो. घटनेच्या दिवशी पावणेसातला परत आलो तेव्हा स्कूटर अंगणात नव्हती. सात वाजून पाच मिनिटांनी बारकी ती ढकलत घेऊन आली. डावा आरसा फुटला होता, पुढचे मडगार्ड चेपले होते. बारकीचा गुडघा फुटून रक्त येत होते. मी विचारले, "तू नेलीस?" ती म्हणाली, "हो, काका." आणखी काही बोलली नाही. मीही आणखी काही विचारले नाही.

माझी पत्नी त्या वेळी न्हाणीघरात होती. दुपारी तिच्या कोपराला पट्टी दिसली. न्हाणीघरात पाय घसरला, असे तिने सांगितले. दुसऱ्या दिवशी मी न्हाणीघरात रबरी चटई आणून टाकली.

स्कूटरला लागलेली किल्ली माझी नव्हती, पण कुलूप तिने बिनतक्रार उघडत होते. किल्लीचे काम चांगले होते. बारकी लहानपणापासून दुकानात येत-जात असे, म्हणून तिने माझ्या किल्लीचा छाप घेतला असावा असे मी तक्रारीत लिहून दिले. पाहिले नव्हते. बारकीला येथे बोलावून चार तास बसवण्यात आले. तिने "काका, चुकलं माझं" असे म्हटले. मी तक्रार मागे घेतली नाही. त्यानंतर मी वरच्या बिऱ्हाडाशी बोललो नाही. नर्सताई महिन्यातून एकदा पत्नीचा रक्तदाब तपासायला खाली येत, त्या वेळी मी दुकानात जाऊन बसत असे.

आता परवाची, म्हणजे बुधवारची हकीकत. संध्याकाळी सहाच्या सुमारास नर्सताई आमच्या दारात आल्या. मी "या" म्हटले नाही, त्याही आत आल्या नाहीत. त्यांनी उभ्या उभ्या सांगितले ते असे. एका विमान कंपनीने होतकरू वैमानिकांसाठी योजना काढली आहे. निवड झालेल्यांना कंपनी स्वतःच्या खर्चाने दीड वर्ष विमान चालवायला शिकवते व पुढे काही वर्षे त्यांनी तिच्याच नोकरीत राहायचे असते. जागा चोवीस. अर्ज किती आले ते कंपनीने सांगितले नाही, पण लेखी परीक्षेलाच शाळेच्या तीन इमारती लागल्या. बारकी त्यात पास झाली. नंतर यंत्रावरची परीक्षा झाली. पडद्यावरचा ठिपका हातापायांनी मधोमध धरून ठेवायचा आणि त्याच वेळी कानात सांगितलेली गणिते सोडवायची, असा तो प्रकार असतो. तीही पास झाली. मुलाखत झाली. डोळे, कान, हृदय सगळे तपासून झाले. राहिला होता तो पोलिसांचा चारित्र्याचा दाखला. तो मागायला ती येथे आली तेव्हा 'अर्जदाराविरुद्ध एक तक्रार प्रलंबित' असा शेरा निघाला. कंपनीने कळवले की, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत स्वच्छ दाखल्याची मूळ प्रत कार्यालयात पोचली नाही तर जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाईल. योजना पुन्हा कधी निघेल हे कंपनीलाच माहीत नाही.

नर्सताई म्हणाल्या, "भाऊ, तेवढी तक्रार मागे घ्याल का?"

मी म्हणालो, "ताई, घडलं ते घडलं. तिच्यासाठी मी खोटं बोलणार नाही."

त्या "बरं" म्हणाल्या आणि वर गेल्या. जिन्यात त्या मध्येच थांबल्याचे ऐकू आले. मग पुन्हा पावले वाजली.

माझी पत्नी खाटेवर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "गाडी मी चालवत होते."

मी विचारले, "कुठली गाडी?"

ती म्हणाली, "आपल्याकडे किती गाड्या आहेत?"

त्यानंतर पत्नीने मला जे सांगितले ते असे. तिला लग्नापासून स्कूटर शिकायची होती. तिने मला दोनदा विचारले. पहिल्यांदा मी म्हणालो, "कशाला? मी आहे ना." दुसऱ्यांदा म्हणालो, "संध्याकाळी बघू." ती संध्याकाळ होऊन अकरा वर्षे झाली, असे ती म्हणते. मला आठवत नाही. ती खोटे बोलते असे माझे म्हणणे नाही.

तिने बारकीला विचारले. बारकी लगेच तयार झाली. मी फिरायला गेलो की दोघी स्कूटर काढत. बारकी मागे बसून शिकवत असे. त्या बदल्यात पत्नी दुपारी वर जाऊन तिच्या वैमानिकाच्या अभ्यासाचे पुस्तक हातात धरून प्रश्न विचारत असे. असे सव्वीस दिवस चालले. सत्ताविसाव्या दिवशी पत्नीने पहिल्यांदा एकटीने गाडी घेतली. बारकी रस्त्याच्या कडेने बरोबर पळत होती. लाँड्रीच्या कोपऱ्यावर पत्नीने ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर पिळला. बारकीने पुढे होऊन हँडल धरले, म्हणून गाडी लाँड्रीच्या काचेवर न जाता शटरच्या खांबाला लागली. पत्नीचे कोपर खरचटले. बारकीचा गुडघा कसा फुटला, ते मला परवा कळले.

किल्ली पत्नीने स्वतः, माझ्या दुकानात, माझ्याच मशीनवर कापली होती. हे मला पटले नाही. जबाब द्यायचा तर खात्री करावी म्हणून मी तिला दुकानात नेऊन कोरी किल्ली दिली. तिने चार मिनिटांत किल्ली कापून दिली. मला तीन लागतात. कोणी शिकवले असे विचारल्यावर ती म्हणाली, "तीस वर्षं डबा घेऊन येतेय. तुम्ही हात धुऊन येईपर्यंत बघायला दुसरं काय होतं?"

मी विचारले, "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "मला विचारलंत कुठे? तुम्ही बारकीला विचारलंत."

मी विचारले, पोरीने तरी आळ अंगावर का घेतला? ती म्हणाली, "मीच तिच्या हातापाया पडले. ह्यांना कळलं तर गाडी विकून टाकतील म्हटलं. तक्रार कराल असं कुणाला वाटलं होतं? आणि केल्यावर मी रोज उद्या सांगू, उद्या सांगू करत राहिले. चूक माझीसुद्धा आहे, तेही लिहून द्या." त्याप्रमाणे लिहून देत आहे.

हवालदारांनी मला आता विचारले की, खरेच विकली असती का. होय, विकली असती.

पत्नीने शिवणयंत्राच्या खणातून वाहन परवाना काढून दाखवला. तो दोन वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे अपघातानंतरही तिने सराव सोडला नव्हता. याबाबत मला एवढेच सांगायचे आहे की, डॉक्टरांनी मला रोज अर्धा तास चालायला सांगितले होते. तो सव्वा तास करावा हा आग्रह पत्नीचा होता. स्कूटरला पेट्रोल जास्त लागते म्हणून मी ती दोनदा मेकॅनिकला दाखवली होती. दोष सापडला नाही.

बुधवारी रात्री आम्ही जेवलो. जेवताना पत्नी म्हणाली, "विमानाचं नाक फार वर उचललं की पंखांची पकड सुटते. मग आधी नाक खाली घ्यायचं. बारकीचं हे एक उत्तर सारखं चुकायचं." मी "बरं" म्हणालो.

गुरुवारी मी दुकान उघडले नाही. त्याला काही कारण नाही.

आज येथे आल्यावर हवालदारांनी मला विचारले, "काका, मग तक्रार खोटी होती असं लिहू?"

मी सांगितले, "खोटी नाही, चुकीची लिहा."

ते म्हणाले, "दोन्हीत फरक काय? उगाच काम वाढवू नका."

मी सांगितले, "खोटी म्हणजे मला खरं माहीत होतं. मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायला एक जिना चढायचा होता, तो मी चढलो नाही. ह्याला तुमच्यात जो शब्द असेल तो लिहा."

हवालदारांनी 'चुकीची' असे लिहिले. नीट चौकशी न करता तक्रार दिल्याबद्दल मला समज मिळू शकते, तसेच घटनेच्या वेळी परवाना नसल्याने पत्नीस दंड होऊ शकतो, हे दोन्ही मला समजावून सांगितले. मला दोन्ही मान्य आहे. पत्नी बाहेर बाकावर बसली आहे, तिला विचारले, तिलाही मान्य आहे. "दंडाची पावती मात्र माझ्या नावाची द्या," असे तिने सांगितले.

सबब, सदर तक्रारीत बारकीचा काहीही दोष नाही. स्कूटर माझी पत्नी चालवत होती. बारकीविरुद्ध माझे काहीही म्हणणे नाही व नव्हते असे लिहावे, असे मी सांगितले. 'नव्हते' असे लिहिता येत नाही, असे हवालदार म्हणाले. तेही खरे आहे.

पुरवणी जबाब. पुढील सोमवार, सकाळी ११ वाजता.

मी वरीलप्रमाणेच. तक्रारीचा कागद बंद करण्यासाठी आज बोलावल्यावरून हजर राहून सांगतो की,

शुक्रवारी माझा जबाब पावणेबाराला संपला. दाखल्यावर सही करणारे साहेब बैठकीला गेले होते. आम्ही दोघे व नर्सताई बाकावर बसून राहिलो. नर्सताई पत्नीच्या एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला बसलो होतो. बारकीची दुपारची पाळी होती. तिला सुटी मिळाली नाही. साहेब चार वाजून वीस मिनिटांनी आले. त्यांनी जबाब पूर्ण वाचला. एकदा माझ्याकडे आणि एकदा पत्नीकडे पाहिले व सही केली.

कंपनीचे कार्यालय येथून अठरा किलोमीटरवर आहे. बसला एक तास लागतो. रिक्षावाले तिकडे येत नाहीत. मी म्हणालो, "मी स्कूटरवरून जाऊन येतो." पत्नी म्हणाली, "तुम्ही चाळिसाच्या वर कधी नेली आहे का?" नेलेली नाही. तिने किल्लीसाठी हात पुढे केला. मी दिली.

मी मागे बसलो. दाखला शर्टाच्या आत ठेवला होता. वेग किती होता हे मी सांगू शकत नाही, कारण मी डोळे मिटले होते. पुलावर पत्नीने एका टेम्पोला उजवीकडून मागे टाकले, हे टेम्पोवाल्याच्या बोलण्यावरून समजले. ते शब्द येथे लिहिण्यासारखे नाहीत.

चार वाजून एकावन्न मिनिटांनी आम्ही कार्यालयात पोचलो. खिडकीवरच्या बाई पर्स खांद्याला लावून उभ्या होत्या. त्यांनी दाखला उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "उमेदवाराचे आपण कोण?" मी पत्नीकडे पाहिले. पत्नी म्हणाली, "शेजारी." बाईंनी शिक्का मारून पोच दिली. पोचेवरची वेळ चार छप्पन आहे. तिची प्रत सोबत जोडली आहे.

शनिवारी दुपारी बारकीला निवडीचे पत्र आले. तिचा क्रमांक चोवीस जागांत एकविसावा आहे. येत्या रविवारी तिला जायचे आहे.

शनिवारीच संध्याकाळी पाच वाजता मी वरच्या मजल्यावर गेलो. बावीस पायऱ्या आहेत. दार बारकीने उघडले. तिच्या अंगावर कामावरचा गणवेश होता, आत खाटेवर बॅग उघडी होती. मी तिला जे बोललो ते खाजगी असल्याने येथे लिहू नये, अशी माझी विनंती आहे. फार लांबलचक नव्हते. तिने दार पूर्ण उघडले.

मग ती म्हणाली, "काका, दारात किती वेळ उभे राहणार? आत या."

मी आत गेलो.

माझा वरील जबाब व पुरवणी जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. 'खाजगी' या शब्दाखाली त्यांनी मारलेली रेघ माझ्या सांगण्यावरून खोडण्यात आली. बाकी मजकूर मी सांगितला तसाच उतरला असून तो खरा आहे. म्हणून खाली सही करत आहे.