खिशातला रिपोर्ट

हे मी घरी अजून सांगितलं नाही, म्हणून तुमच्यापाशी सांगतो.

बाबांचा कोरोनाचा रिपोर्ट सकाळी मोबाईलवर आला, पॉझिटिव्ह. दुपारी घरातच त्यांनी जीव सोडला. खरं सांगितलं असतं तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेलं असतं, आम्हाले तोंडही दिसलं नसतं. मी डॉक्टरचे पाय धरले, "हार्ट अटॅक लिहा साहेब." त्यांनी लिहिलं. मग आम्ही बाबांले खाप्याले नेलं, कन्हान नदीच्या घाटावर, चार खांद्यांवर.

पुढं कोरोनानं गेलेल्यांच्या घरच्यांले सरकारी मदत निघाली. वकील मित्र म्हणाला, "मृत्यूच्या दाखल्यावर काहीही असू दे. रिपोर्ट हाये ना? तुझ्या आईचा हक्क हाये, समितीपुढं जा."

रिपोर्टची प्रिंट काढून खिशात घातली अन् गेलो सदर भागातल्या सरकारी ऑफिसात. लाइनीत एकच विचार होता. साहेबानं विचारलं, खोटं काहून लिहवलं, तर काय सांगू?

तेवढ्यात मागून आवाज आला, "दादा, तुम्ही इथं?"

शंकरकाकांचा विलास. काका म्हणजे बाबांचे जुने दोस्त. पुढचा खांदा त्यांनीच दिला होता. पंधरा दिवसांनी तेही कोरोनानं गेले.

"आईचं दुसरं काम होतं," मी म्हटलं.

"मी बाबाच्या अर्जासाठी आलो. एक समजत नाही दादा. बाबा घराबाहेर पायच ठेवत नव्हते जी. तुमच्या बाबांले खांदा द्याले तेवढे निघाले. कोरोना लागला कुठून?"

खिडकीतून बाई ओरडल्या, "पुढचं कोण? रिपोर्ट काढा!"

माझा हात खिशातच राहिला. विलासले म्हटलं, "तू जा पुढं."