बाप्तिस्म्याचा झगा

“गेलेल्या लेकीचा बाप्तिस्म्याचा झगा बहिणीच्या पोरीला द्यायला निघालीय ही बया!” सासूबाईंनी बसच्या रांगेतच सुनेला फैलावर घेतलं. पुढच्यांच्या माना वळल्या.

“हळू, आई.”

“का हळू? तुझ्या पोटात दुखत नाही?”

“दुखायचं ना. बहिणीचं बाळ रडलं, की मी कान झाकायची.”

“मग?”

“रोज येशूशी भांडायची, माझीच का नेलीस? एकदा म्हटलं, तिला नेलंस, आता हा हेवाही ने.”

“नेला?”

“हळूहळू. आता त्या बाळाला मांडीवर घेते. डोळे भरतात, पण जीव जळत नाही. आहे तेवढं पुरतं.”

सासूबाईंनी सुनेच्या हातातल्या झग्याची सुरकुती बोटानं सरळ केली.

“मोठ्या मनाची आहेस, बाई. मी नाही. झगा खुशाल दे, पण तो घातलेली ती पोर एवढ्यात माझ्यासमोर आणू नकोस.”