विनिताच्या गाडीला लावलेली दुसरी तीट

नाव शोभा दत्तप्रसाद केळुसकर, वय ५१ वर्षे, काम पॅथॉलॉजी लॅबमध्ये पेशंटचं रक्त घेणे, राहणार पेंडल हिल, सिडनी, मूळ ठाणे.

मी आपणहून पोलीस स्टेशनला येऊन सांगते की, मला कोणी बोलावलेलं नाही. इंग्रजी येतं, पण हे मराठीतच सांगायचं आहे म्हणून दुभाषी मागितला.

विनिता माझ्याच बिल्डिंगमध्ये राहते, वेस्टमीड हॉस्पिटलला नर्स आहे, माझी लॅबही तिथेच. ड्रायव्हिंगला घाबरते, लायसन्स पाचव्या खेपेला मिळालं. सहा वर्षं सकाळी सहा चाळीसला मी तिला माझ्या गाडीतून शिफ्टला नेलं. चहा तिचा, गाडी माझी. तिच्या घरातलं सगळं आधी मला कळायचं.

फेब्रुवारीत तिने स्वतः चालणारी गाडी घेतली. गाडीला ती ‘तो’ म्हणते. म्हणे तो! लंचरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाली, "तो कसला शांत आहे! शोभाताईसारखं हॉर्न मारणं नाही, शिव्या देणं नाही." लॅबमधली चिन्मयी म्हणाली, असल्या गाडीवर मी तरी भरवसा ठेवणार नाही. मी लगेच दुजोरा दिला. त्यावर विनिता म्हणाली, "दोन महिन्यांत एकदाही लेट नाही." सहा वर्षांत मी दोनदा लेट झाले होते, ते तिच्या बरोबर लक्षात आहे.

रविवार, १२ एप्रिलला तिने मला गाडी दाखवली. आरशामागचा कॅमेरा दाखवून म्हणाली, "हा त्याचा डोळा." मी पर्समधलं काजळ काढून बॉनेटच्या कोपऱ्यावर तीट लावली, नजर लागू नये म्हणून. ती हसली, "लाव गं, बाळच आहे ते."

मंगळवारी सकाळी ती वर चहा भरत होती तेव्हा मी खाली जाऊन समोरच्या काचेवर, त्या डोळ्यापुढे, दुसरी तीट लावली. रुपयाएवढी. वाटलं, गाडी चालणारच नाही, मग ती मला हाक मारेल. मी माझ्या गाडीत फोन हातात धरून बसले. फोन आला नाही. तिची गाडी माझ्यासमोरून गेली.

मी मागोमाग निघाले. ऊन समोरून येत होतं. राऊंडअबाउटला तिची गाडी फूटपाथवर चढून खांबाला धडकली. विनिता सांगते, तुम्ही चालवा म्हणून गाडी ओरडली, पण तिच्या हातात चहा होता. तिचं उजवं मनगट मोडलं.

जमलेले लोक गाडीलाच नावं ठेवत होते. एक ट्रेडी, प्लंबर असावा, म्हणाला, "मेट, बॅन करा ही थेरं." खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. स्ट्रेचरवरून विनिता म्हणाली, "शोभाताई, तुझ्या गाडीत असं कधी झालं नाही गं." हे ऐकायला मी दोन महिने थांबले होते.

काल तिला कळलं की तिने लक्ष दिलं नाही असा ठपका आहे, लायसन्स जाऊ शकतं. गेलं तर ती परत माझ्याच गाडीत बसेल. आज सकाळी डाव्या हाताने चहा करून मला घेऊन आली. म्हणाली, "प्लास्टर निघालं की नेशील ना?" मी हो म्हटलं. चहा तसाच ठेवून इकडे आले.

हे सगळं दुभाष्याने मला मराठीत वाचून दाखवलं. त्यात दुसरी तीट मी ‘चुकून’ लावली असं लिहिलं होतं. मी तसं बोललेले नाही. तो शब्द माझ्यासमोर खोडला. आता मी सांगितलं तसंच आहे, म्हणून सही करते.